बटण बारीक की बोट जाड? मोबाईलच्या स्क्रीनबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात प्रश्न भरपूर आलेत, बहुतेक खानापूर, चिकोडी, निपाणी आणि आपल्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातनं, आणि बरेचसे अशा लोकांचे आहेत ज्यांनी स्वतःच्याच कामासाठी ॲप नैतर वेबसाईट करायला घेतलीय. वाचून खूप बरं वाटलं. एकसारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या दूध डेअरीसाठी छोटं ॲप करालोय. सभासद नंबर टाकायचा, लिटर टाकायचे, फॅट टाकायची आणि सेव्ह, एवढंच. माझ्या फोनवर भारी चालतंय पण डेअरीतले काका म्हणालेत सेव्ह दाबायला गेलं की डिलीट होतंय. बटण नक्की किती मोठं ठेवायचं असतंय?

उत्तर : आधी आकडे देते. अँड्रॉइडसाठी गूगलची मटेरियल डिझाइन नावाची मार्गदर्शिका सांगते ४८ बाय ४८ डीपी, आयफोनसाठी ॲपलचं ४४ बाय ४४ पॉइंट. वेबसाईट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी यासाठीची डब्ल्यूसीएजी २.२ ही नियमावली ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल म्हटलंय, पण ती अगदी तळाची मर्यादा, वरच्या पातळीला तिच्यातही ४४च आहे. डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप, त्याचा हिशेब एका इंचाला १६०, म्हणजे ४८ डीपी साधारण साडेसात मिलिमीटर होतात, प्रत्येक फोनवर थोडं कमीजास्त, म्हणून मी सरळ कंपासपेटीतली पट्टी स्क्रीनवर ठेवून मोजते. आठ-नऊ मिलिमीटर भरलं की निवांत.

पण तुझा प्रॉब्लेम आकारापेक्षा शेजाराचा आहे रे. सेव्ह आणि डिलीट एकमेकांला चिकटून का ठेवलेत? पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की निशाण जितकं लांब आणि जितकं बारीक तितका तिथं पोचायला वेळ जास्त लागतो, आणि घाई केली की चुका वाढतात. हा नियम उलट्या बाजूनेही वापरता येतो. जे बटण रोज शेकडो वेळा दाबायचंय ते रुंद, खाली, अंगठ्याखाली ठेव, आणि जे महिन्यातनं एकदा लागणार ते लांब, दुसऱ्या स्क्रीनवर टाक. दिसायला आयकॉन २४ डीपीचा असला तरी चालतो, त्याच्या भोवतीची दाबायची जागा ४८ची पाहिजे आणि दोन जागांमध्ये थोडी मोकळी फट पाहिजे.

खरं सांगू, डेअरीच्या नोंदीला डिलीट असूच नये असं माझं ठाम मत आहे. ते सभासदाचे पैसे आहेत. चुकलं तर दुरुस्ती करता यावी, जुना आकडा तसाच मागे राहावा आणि कधी बदलला ते दिसावं. आणि 'तुम्हाला खात्री आहे का?' असली खिडकी टाकून सुटका करून घेऊ नकोस, ती दोन दिवस लोक वाचतात आणि तिसऱ्या दिवसापासून न बघता 'होय' दाबतात. त्यापेक्षा सेव्ह झाल्यावर खाली थोडा वेळ 'मागे घ्या' असं बटण राहू दे.

आता डेअरीत काय चालतं ते बघ. पहाटेची वेळ, रांग लागलेली, काकांचे हात ओले. आपल्या फोनचा टच कपॅसिटिव्ह असतो, म्हणजे बोटामुळे काचेवरच्या विद्युत क्षेत्रात जो फरक पडतो तो फोन ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तोच गोंधळ करतो, कधी नको तिथं टच लागतो, कधी लागतच नाही. म्हणून तिथं स्वाईप, लाँग प्रेस, डबल टॅप यातलं काही ठेवू नकोस, साधा एक टॅप. आणि काम बोट टेकल्यावर नको, उचलल्यावर होऊ दे, म्हणजे चुकीच्या बटणावर बोट पडलंच तर तसंच बाजूला सरकवून सोडता येतं.

फॅटचा आकडा टाकताना दशांशाचा ठिपका असलेला नंबर कीपॅडच उघडला पाहिजे, आख्खा कीबोर्ड नको. गायीची फॅट साधारण साडेतीन-चारच्या घरात, म्हशीची सहा-सातच्या, म्हणजे कुणी ३५ टाकलं तर ते ३.५च असणार हे तुझ्या ॲपला कळायला काय हरकत आहे? लाल अक्षरात 'अवैध मूल्य' म्हणून ओरडण्यापेक्षा तिथंच '३.५ का?' असं एक बटण दाखव, दाबलं की विषय संपला. आणि नोंद झाल्यावर सभासद नंबर, लिटर, फॅट एवढे मोठ्या अक्षरात दाखव की काउंटरच्या पलीकडे कॅन घेऊन उभ्या असलेल्या मावशींना पण वाचता येईल. चूक तिथल्या तिथं सापडते.

अजून एक, हे सहसा कुणी शिकवत नाही. काकांच्या फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइडमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची ओळ, फॉरमॅट करताना आकडे देवनागरीत उमटतात, कारण मराठीसाठी देवनागरी अंक हीच ठरलेली पद्धत आहे. स्क्रीनवर ते छानच दिसतं, पण तीच स्ट्रिंग सर्व्हरला गेली की सर्व्हर म्हणतो हा आकडाच नव्हे, आणि तुझ्या इंग्रजी फोनवर ही चूक कधीच दिसत नाही. दाखवायचे आकडे फोनच्या भाषेत, पाठवायचे आकडे ठराविक लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचं सेटिंग, देऊन, हे दोन रस्ते वेगळे ठेव. आणि माणसाने कुठल्याही अंकात टाईप केलं तरी घे.

प्रश्न : आमचा शहापुरात साड्यांचा धंदा. मुलाने पैसे देऊन कॅटलॉगचं ॲप करून घेतलं. इंग्लिशमध्ये छान दिसतंय, पण मराठी केलं की वरच्या मात्रा-वेलांट्या कापल्या जातात, कन्नड केलं की अक्षरांच्या खालचा भाग गायब होतोय, आणि बटणावर 'ऑर्डर निश्चि' एवढंच येऊन पुढं तीन टिंबं. करून देणारा म्हणतो फॉन्टचा प्रॉब्लेम, मी काही करू शकत नाही. खरंय का हो?

उत्तर : नाही काकू, फॉन्ट बिचारा बरोबर आहे, चौकट चुकलीय. त्याने आधी इंग्रजीत स्क्रीन आखली, प्रत्येक ओळीची उंची आणि प्रत्येक बटणाची रुंदी इंग्रजी शब्दावर बेतली आणि मग त्याच मापात मराठी आणि कन्नड कोंबलं. सगळ्यात जास्त प्रश्न मला याच एका गोष्टीवर येतात आणि यावर मी कितीही बोलायला तयार आहे, कारण आपल्या भागात एकाच ॲपला तीन-तीन लिप्या पेलायच्या असतात आणि तरी काम मात्र इंग्रजीतनंच सुरू होतं.

इंग्रजीचं बहुतेक अक्षर एका ठराविक पट्टीत मावतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेलं अक्षर, असा वर-खाली दोन्हीकडे पसारा. 'विद्यार्थ्यांनी' मधलं र्थ्यां बघा, एकाच जागी रफारही आणि अनुस्वारही. खालच्या बाजूची परीक्षा घ्यायची असेल तर आपल्या शेजारचं 'कंग्राळी बुद्रुक' टाईप करून बघायचं, त्या द्रु ला जागा मिळाली की बाकी सगळ्यांना मिळते. कन्नडात दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि 'कन्नड' हा शब्दच कन्नड लिपीत लिहिला तर त्यातला दुसरा न खाली जातो, म्हणजे तुमच्या ॲपात भाषा निवडायच्या पहिल्याच स्क्रीनवर तो कापला जात असणार.

त्याला सांगा की ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी धर, जमलं तर एक पूर्णांक सहा. बटणाला, खोक्याला ठोकून बसवलेली उंची देऊ नको, किमान उंची दे आणि आतल्या मजकुराप्रमाणे वाढू दे. अँड्रॉइडमध्ये कन्नड, तमिळ, गुजराती अशा काही लिप्यांसाठी उंच मापाची अक्षरं वापरायची एक सोय आहे, एलिगंट टेक्स्ट हाइट म्हणतात, आणि अँड्रॉइड १५ डोळ्यासमोर ठेवून केलेल्या ॲपांत ती आपोआप चालू असते, जुन्या ॲपात हाताने चालू करावी लागते. बहुतेक तुमचं अर्धं दुखणं तेवढ्यानेच जाईल.

अजून एक बघायला सांगा, अक्षरांमधलं अंतर. तयार बटणांच्या डिझाइनमध्ये बऱ्याचदा इंग्रजीसाठी लेटर स्पेसिंग थोडं वाढवलेलं असतं, इंग्रजीत ते शोभून दिसतं पण मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मराठीसाठी ते शून्य. बारीक अक्षरात बोल्डही नको, क्ष, ज्ञ, द्ध यांच्यातली पोकळी भरून जाते आणि नुसता डाग दिसतो.

मग राहिलं ते तीन टिंबांचं. 'ऑर्डर निश्चित करा' च्या जागी 'ऑर्डर द्या' लिहा, गिऱ्हाईकाला दुकानात आपण तेवढंच म्हणतो. आणि जिथं खरंच लांब मजकूर लागतो तिथं दोन ओळी होऊ द्यात, बटण दोन ओळींचं झालं म्हणून कुणाची खरेदी अडत नाही, पण अर्धवट शब्दाचं बटण दाबायला माणूस घाबरतो, विशेषतः पैशाचं असेल तर.

वेबसाईट असेल तर पानावर भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहायला लावा, मराठीची खूण म्हणून एमआर (mr) एवढंच लिहायचं असतं. त्याने स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी म्हणून वाचतं, आणि ज्या फॉन्टात सोय आहे तिथं ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. छोटी गोष्ट आहे पण मला तरी ते पानावर लगेच जाणवतं.

आणि भाषा निवडताना प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत पाहिजे, मराठी मराठीत, कन्नड कन्नडात. लोकेशन बघून नैतर ५९० चा पिनकोड बघून भाषा ठरवू नका हो. आपल्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी घरं असतात, आणि कित्येकांना बोलायला एक भाषा सोपी आणि वाचायला दुसरी. विचारायचं, लक्षात ठेवायचं, आणि बदलायचं बटण पहिल्याच पानावर वर ठेवायचं, सेटिंगच्या आत तिसऱ्या पायरीवर लपवायचं नाही. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रत्येक ॲपला फोनपेक्षा वेगळी भाषा ठेवता येते, त्या सोयीचा आधार घेतला तर करणाऱ्याचं कामही कमी होतं.

प्रश्न : मी निपाणीत प्राथमिक शिक्षिका. सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढं, पेन्शन जमा झाली का ते त्यांना स्वतः बघायचं असतं, पण ॲपमध्ये प्रत्येक वेळी अडकतात. वरच्या तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू हे दहा वेळा सांगितलं तरी विसरतात. त्यांना कसं शिकवू?

उत्तर : बाई, त्या विसरतात यात त्यांचं काही चुकत नाही. तीन रेघा बघून मेनू कळायला काही कारणच नाही, आपल्याला सवयीने कळतं. ज्या आयकॉनखाली शब्द नाही तो आयकॉन अर्धाच, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना रोज सांगते. घर, भिंग, कचऱ्याचा डबा एवढे तीन-चार सोडले तर बाकी सगळ्यांना खाली शब्द पाहिजेच. तसंच लपलेल्या खुणा, म्हणजे डावीकडे ओढलं की अमुक आणि वरनं खाली ओढलं की तमुक, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ते बटण अस्तित्वातच नाही.

तुमच्या हातात जे आहे ते सांगते. फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या आत अक्षराचा आकार वाढवा. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो आणि त्यात आधीच मोठी असलेली शीर्षकं फार फुगत नाहीत, त्यामुळे पान फारसं विसकटत नाही. पहिल्या पानावर फक्त त्यांना लागणारी चार-पाच ॲपं ठेवा, आणि जागा परत कधी बदलू नका, कारण वयस्क माणसं बऱ्याचदा चित्रापेक्षा जागा लक्षात ठेवतात, वरनं दुसऱ्या ओळीतलं उजवीकडचं अशी. बऱ्याच बँकांची एसएमएस नैतर मिस्ड कॉलवर शिल्लक सांगायची सोय असते, तुमच्या बँकेची आहे का विचारा, असेल तर ॲपचा हट्टच नको.

आणि यात ॲप करणाऱ्यांसाठी पण दोन गोष्टी आहेत, कारण तेही हे सदर वाचतात. एक, अक्षर मोठं केल्यावर तुमची स्क्रीन कशी दिसते ते स्वतः बघा, अक्षरांची मापं एसपी या अँड्रॉइडच्या अक्षरांसाठीच्या मापात द्या म्हणजे ती फोनच्या सेटिंगबरोबर वाढतात. दोन, जमा हिरव्या रंगात आणि नावे लाल रंगात एवढ्यावर भागवू नका, काही लोकांना लाल-हिरवा फरक दिसत नाही, शेजारी 'जमा' आणि 'नावे' हे शब्द लिहा, अधिक-उणेची खूण द्या. आणि हो, वेळ संपली म्हणून माणसाला बाहेर काढायचं असेल तर आधी सांगा तरी, 'अजून वेळ हवा का' म्हणून विचारा. सावकाश वाचणाऱ्या माणसाला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला लावणं हे मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : चिकोडीकडं आमचा ऊस हाय. एका ॲपात लागणीची माहिती भरायची होती, शेतात हुबं राहून भराय लागलो तर उन्हात काय दिसंना, वरचं बटण एका हातानं गावंना, आणि शेवटी नेट गेलं आणि सगळं पुसलं. पुन्हा पयल्यापासनं. हे आसलंच आसतंय का?

उत्तर : नसायला पाहिजे, दादा. तुम्ही एका वाक्यात तीन वेगळ्या चुका सांगितल्या, तिन्ही टाळता येतात.

उन्हाचं आधी. हल्ली पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर टाकायची फॅशन आहे, एसी खोलीत मोठ्या स्क्रीनवर ते सुंदर दिसतं आणि बांधावर दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही. याला मोजमाप आहे, अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं गुणोत्तर, ते साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ पाहिजे. #९९९९९९ (हा रंगाचा कोड) हा सर्रास वापरला जाणारा करडा पांढऱ्यावर २.८५ च भरतो, म्हणजे नापास. #७६७६७६ ला ४.५४ मिळतात, जेमतेम पास. शेतासाठीच ॲप करणाऱ्याने काठावर पास होऊ नये, सरळ काळ्याजवळचा रंग घ्यावा.

मग हाताचं. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता, त्याच्यावर अंगठा सगळीकडे पोचायचा. आता सहा-साडेसहा इंची फोन झाले आणि तरी 'पुढे जा' चं बटण वरच्या उजव्या कोपऱ्यातच अडकून राहिलंय. मोबाईल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये बाहेर वावरताना फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांचं निरीक्षण केलं होतं, त्यात स्क्रीनला बोट लावून वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, आणि दोन्ही हातांनी फक्त १५ टक्के. शिवाय माणूस पकड सारखी बदलत असतो. शेतात तर एका हातात काहीतरी असणारच, खुरपं म्हणा, पाईप म्हणा. मुख्य बटण खाली पाहिजे, आणि कीबोर्ड वर आला तरी तो त्या बटणाला झाकणार नाही एवढं बघितलं पाहिजे.

नेटचं मात्र मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ही माणसाच्या मेहनतीची नासाडी आहे. भरलेला प्रत्येक रकाना त्या क्षणी फोनमध्येच साठवायचा, नेट असो नसो, आणि रेंज आली की पाठवायचा. कणकुंबीकडे पावसाळ्यात जा नैतर दोन राज्यांच्या टॉवरच्या मधल्या पट्ट्यात जा, रेंज जाणं हा तिथं अपवाद नाहीच, म्हणून स्क्रीनवर साध्या भाषेत लिहा की 'फोनमध्ये जतन झालं, रेंज आल्यावर जाईल'. नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवलं तर माणसाला वाटतं अडकलं, तो ॲप बंद करतो, आणि मग खरंच जातं. ओटीपी उशिरा आला तरी भरलेली माहिती तशीच राहिली पाहिजे, आणि मेसेजमधला ओटीपी आपोआप उचलायची सोय दोन्ही प्रकारच्या फोनात आहे, ती वापरायची, लोकांना सहा आकडे पाठ करून परत मागे यायला लावायचं नाही.

आणि दादा, लागणीच्या माहितीत गट नंबर, गाव, नाव हे एकदा भरलं की दर हंगामाला परत विचारू नये. तुम्ही ज्यांचं ॲप आहे त्यांना हे सगळं लिहून कळवा, तुमच्यासारख्याने सांगितलेलं त्यांना जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : टिळकवाडीतनं. डार्क मोड चांगला की लाईट? माझ्या पोर्टफोलिओसाठी विचारतोय.

उत्तर : दोन्ही द्या आणि फोनचं सेटिंग जे असेल ते पाळा. बाहेर उजेडात लाईटच वाचता येतो. ओएलईडी स्क्रीनवर, जिथं काळा ठिपका उजेडच देत नाही, डार्कने बॅटरी वाचते आणि रात्री डोळ्याला बरं वाटतं. मागचा रंग कुळकुळीत काळ्याऐवजी #१२१२१२ सारखा घ्या आणि मराठी अक्षर अगदी पातळ वजनाचं घेऊ नका.

प्रश्न : आमचं कुंद्याचं आणि मिठाईचं दुकान आहे, बेळगाव शहरात. पुण्या-मुंबईकडचे लोक फोन करून ऑर्डर देतात. एकजण म्हणतो ॲप करा, एकजण म्हणतो वेबसाईट. मोबाईलवर नीट दिसेल असं काय करू?

उत्तर : एका पानाची वेबसाईट करा, ॲप नको. वर्षातनं दोनदा कुंदा मागवणारा माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेणार नाही. त्याला चार गोष्टी पाहिजेत, काय मिळतं, भाव काय, किती दिवसांत पोचतं, आणि फोन कुठं करायचा. फोन नंबर चित्रात टाकू नका, दाबला की कॉल लागेल अशी लिंक असते ती करा आणि पान खाली-वर केलं तरी ते बटण खालीच दिसत राहू दे. भावपत्रकाचा फोटो नैतर पीडीएफ चढवायची सवय आपल्याकडे फार आहे, मग गिऱ्हाईक दोन बोटांनी ताणून ताणून इकडनं तिकडं सरकवत भाव शोधतं. साधा मजकूर टाईप करा, अर्धा किलो, एक किलो, एकाखाली एक.

करून देणाऱ्याला तीन-चार गोष्टी विचारा. व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसवणारी, ओळ टाकलीय का, ती नसेल तर फोन पान कॉम्प्युटरएवढं रुंद समजून सगळं मुंगीएवढं दाखवतो. आणि ती टाकताना झूम बंद केलं नाही ना हेही विचारा, काही लोक करतात, वयस्क गिऱ्हाईकाची त्याने फार अडचण होते. पत्ता भरायच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं तर आयफोन तिथं टिचकी मारल्याबरोबर आपोआप झूम करतो आणि पान तिरकं सरकल्यासारखं होतं, म्हणून १६ तरी पाहिजेच. मोबाईल नंबरच्या रकान्याला नंबर कीपॅड.

फोटो मिठाईचे चांगले काढा पण कॅमेऱ्यातनं आले तसे चार-पाच एमबीचे टाकू नका, बारीक करून वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये टाका. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची आधीच सांगून ठेवलेली पाहिजे. नसेल तर काय होतं, पान उघडतं, माणूस 'ऑर्डर' दाबायला बोट खाली आणतो, तेवढ्यात वरचा फोटो लोड होतो आणि सगळं पान खाली ढकललं जातं आणि बोट भलत्याच गोष्टीवर पडतं. गूगल हे हलणं मोजतं, आकडा ०.१ च्या आत असला तर चांगलं धरतं. एवढं मोजायची फुकट साधनं आहेत, करून देणाऱ्याकडनं आकडा मागून घ्या. भाषा मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही ठेवा.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी वडगावात बचत गटाचा हिशेब ठेवायचं ॲप करतोय. स्क्रीन कागदावर काढून झाल्यात. लोकांना आवडेल का ते तपासायचं कसं? पैसे काहीच नाहीत.

उत्तर : कागदावर काढलंत हे फार छान केलंत. आता त्याच कागदांवर खरा मजकूर लिहा, मराठीत, गटातल्या बायकांची नावं-आडनावं येतात तेवढी लांब धरून, आणि फोनच्या मापात कापा. मग गटाच्या बैठकीला जा.

'आवडलं का' असं विचारू नका, बायका चांगल्या मनाच्या असतात, 'छान आहे की' म्हणतात. काम द्या. 'या महिन्याचे दोनशे रुपये भरले असं लिहून दाखवा', 'मागच्या महिन्यात कुणाचा हप्ता राहिला ते सांगा'. आणि मग तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात अवघड जातं. बोट कुठं थांबतं, कुठला शब्द परत वाचतात, कुठं तुमच्याकडे बघतात ते लिहून घ्या, 'इथं दाबा' म्हणून सांगितलंत की त्या माणसाकडनं कळायचं ते कळायचं राहिलं.

वापरायला सोपं कसं करायचं याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २०००च्या सुमारास मांडलं होतं की पाच जणांबरोबर बसलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, आणि एकदाच पुष्कळ लोक गोळा करण्यापेक्षा थोडे लोक, दुरुस्ती, परत थोडे लोक हे जास्त उपयोगाचं. पण आपल्याकडे पाचही जणी कॉलेज शिकलेल्या घेऊ नका. मराठी वाचणारी एक, कन्नड शाळेत शिकलेली एक, सही पुरतंच लिहिता येणारी एक, चष्मा लागलेली एक, आणि गटाचं वहीखातं आत्ता जी सांभाळते ती. तिच्या वहीचे रकाने ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने तुमची स्क्रीन ठेवा, तो क्रम अनुभवातनं तयार झालेला असतो.

कागदावरचं जमलं की फोनवर करा आणि तपासायला स्वतःचा चांगला फोन वापरू नका. गटात ज्याच्या काचेला तडा गेलाय, मेमरी भरलीय, ब्राइटनेस निम्म्यावर आहे असा एखादा फोन असतोच, त्याच्यावर चालवा. आकडे खोटे घाला, कुणाच्या खऱ्या कर्जाची रक्कम चारचौघींत स्क्रीनवर दाखवू नका. दोन-तीन अडचणी दुरुस्त झाल्या की पुढच्या बैठकीला दुसऱ्या गटात जा, पहिल्या बायकांना आता रस्ता माहीत झालेला असणार.